मित्रगोटात राहून: शीतयुद्धातला कॅनडा

शीतयुद्धाचा विषय निघाला की आपली गाडी ठरलेल्या रुळावरून जाते. इकडे अमेरिका, तिकडे सोव्हिएत संघ, आणि दोघांनाही हातभर लांब ठेवणारे नेहरू, नासर, टिटो. स्वतःचे मत राखायचे असेल तर कोणाच्याच गोटात जायचे नाही, हे आपण शाळेतच पाठ करून बसलो. आज ज्या देशाबद्दल बोलायचे आहे तो पहिल्या दिवसापासून एका गोटात होता आणि तटस्थ असल्याचा आवही त्याने कधी आणला नाही. १९५१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या होती १ कोटी ४० लाख, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्याच्या निम्म्याहूनही कमी. तरीही पुढची दहा-पंधरा वर्षे त्याच्या शब्दाला बऱ्यापैकी किंमत होती. तो देश कॅनडा.

आधी भूगोल बघू. भिंतीवरचा नकाशा इथे फसवतो. पृथ्वीगोल घ्या आणि वरून, उत्तर ध्रुवाकडून बघा. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांना शिकागो किंवा डेट्रॉइट गाठायचे तर जवळचा रस्ता कॅनडाच्या डोक्यावरून जातो. म्हणजे राजधानी ओटावाने काहीही ठरवले तरी युद्ध त्याच्याच आकाशात होणार. आणि कॅनडाने स्वतःचे आकाश राखले नाही तर अमेरिका ते राखणार, विचारून किंवा न विचारता. संरक्षणाच्या बाबतीत कॅनडाला ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. जे काही स्वातंत्र्य होते ते ‘हो’ म्हणून झाल्यावर, आतल्या बाजूने बोलण्याचे. ते फुकट मिळत नव्हते, हेच मला आज सांगायचे आहे.

तसे पाहिले तर शीतयुद्धाची पहिली ठिणगी ओटावातच पडली. ५ सप्टेंबर १९४५ च्या संध्याकाळी सोव्हिएत वकिलातीतला सांकेतिक संदेशांचा कारकून इगोर गुझेन्को शंभराहून अधिक कागद अंगावर लपवून बाहेर पडला. त्यात कॅनडातल्या सोव्हिएत हेरजाळ्याचा सगळा तपशील होता. तो थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. तिथे रात्रपाळीला असलेल्यांना काही उमगले नाही. दुसऱ्या दिवशी बायको आणि लहान मुलाला घेऊन तो सरकारी दारे ठोठावत फिरला. कुणी उभे केले नाही. रात्री शेजाऱ्यांनी आसरा दिला, आणि त्याच रात्री वकिलातीच्या माणसांनी त्याच्या फ्लॅटचे दार फोडले. तेव्हा कुठे पोलीस हलले. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांची पहिली इच्छा काय होती? आपण यात पडू नये, रशिया दुखावेल. युद्धात खांद्याला खांदा लावून लढलेला दोस्त हेर निघतो, हे गळी उतरायला त्यांना वेळ लागला. पुढे टीव्हीवर मुलाखत द्यायची झाली तरी गुझेन्को डोक्यावर पिशवीसारखे कापड ओढून बसत असे.

किंग गेले आणि लुई सेंट लॉरां आले. परराष्ट्रखाते लेस्टर पिअर्सन यांच्याकडे गेले आणि कॅनडाचा बुजरेपणा संपला. १९४९ मध्ये नाटोच्या संस्थापकांत कॅनडा होता. कोरियात २६ हजारांवर कॅनेडियन सैनिक गेले, ५१६ मेले. आकडा लहान वाटेल, पण पुढच्या बोलण्यामागचे भांडवल हेच होते.

आता सुवेझ, म्हणजे इजिप्तमधल्या सुवेझ कालव्यावरून पेटलेला पेच. इथे जरा थांबू, कारण कॅनडाची सगळी कीर्ती या एका आठवड्यावर उभी आहे. ऑक्टोबर १९५६ च्या अखेरीस इस्रायल सिनाईत घुसला. मागोमाग ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर बॉम्ब टाकले. अमेरिकेला याची कल्पना दिलेली नव्हती आणि तिचे अध्यक्ष आयझेनहॉवर भडकले होते. पिअर्सनसमोरचा पेच असा: एक जुने मायघर, दुसरा शेजारी आणि रक्षणकर्ता, आणि दोघे एकमेकांवर डोळे वटारून. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत अमेरिकेचा युद्धबंदीचा ठराव मतास आला तेव्हा पिअर्सन तटस्थ राहिले. मग उठून म्हणाले की नुसती युद्धबंदी पुरणार नाही. राजकीय तोडगा निघेपर्यंत सीमेवर शांतता राखायला संयुक्त राष्ट्रांचे सैन्य उभे करा. सरचिटणीस हॅमरशोल्ड सुरुवातीला साशंक होते. ४ नोव्हेंबरच्या पहाटे कॅनडाचा ठराव ५७ विरुद्ध शून्य असा संमत झाला. १९ देश तटस्थ. ब्रिटन आणि फ्रान्सही विरोधात गेले नाहीत. माघार घ्यायला त्यांना अब्रू राखणारी वाट हवी होती आणि ती त्यांच्याच गोटातल्या माणसाने काढून दिली. हेच सैन्य उभारा म्हणून मॉस्कोने सुचवले असते तर? लंडनने ते उडवून लावले असते. दिल्लीने सुचवले असते तरी, मला वाटते, फारसे वेगळे झाले नसते. या हल्ल्याचा आपण केलेला निषेध योग्यच होता, पण लंडनला तो परक्याचा निषेध वाटला.

पुढची गंमत ऐका. या सैन्याचे सेनापती कॅनडाचेच जनरल बर्न्स. कॅनडाने आपली तुकडी निवडली ‘क्वीन्स ओन रायफल्स’. जवान हॅलिफॅक्सच्या बंदरापर्यंत आणलेसुद्धा. तेवढ्यात इजिप्तचे अध्यक्ष नासर अडून बसले. नाव राणीचे, गणवेश ब्रिटिश धाटणीचा. कालपर्यंत आमच्यावर बॉम्ब टाकणारे कोण आणि हे कोण, आमच्या लोकांनी ओळखायचे कसे? त्यांचे काही चुकत नव्हते. कॅनडाच्या तेव्हाच्या झेंड्यातही कोपऱ्यात युनियन जॅक होता. शेवटी पायदळ राहिले घरी आणि गेले ते संदेशवहन, वाहतूक, पुरवठा सांभाळणारे लोक. पिअर्सन पुढे थट्टेने म्हणत की त्या वेळी एखादी ‘साम्राज्यविरोधी रायफल्स’ पदरी हवी होती. मेपलच्या पानाचा नवा झेंडा १९६५ मध्ये पिअर्सन पंतप्रधान असतानाच फडकला, त्यामागे सुवेझची ही बोच होतीच. १९५७ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाच्या मतदारांनी त्यांच्या पक्षाला घरी बसवले. ब्रिटनला ऐन वेळी दगा दिला, हा राग त्यात होता.

आता नाण्याची दुसरी बाजू, जी कॅनडाच्या पर्यटनपत्रकात सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणांचे हे कौतुक चालू असताना उत्तरेत रडारच्या तीन रांगा उभ्या राहत होत्या. सर्वांत वरची, बर्फातली, अलास्कापासून बॅफिन बेटापर्यंत, १९५७ मध्ये पूर्ण झाली, खर्च अमेरिकेचा. त्याच सुमारास नवे पंतप्रधान जॉन डिफेनबेकर यांनी नोराडला, म्हणजे दोन्ही देशांच्या आकाशाच्या संयुक्त संरक्षणव्यवस्थेला, मंत्रिमंडळात धड चर्चाही न करता होकार दिला. प्रमुख अमेरिकन, उपप्रमुख कॅनेडियन. होकार देऊन झाल्यावर त्यांना कळले की आपण काय देऊन बसलो.

कॅनडाने स्वतःचे लढाऊ विमानही बनवले होते, अॅव्हरो अॅरो. टोरांटोजवळ मॉल्टनला ४ ऑक्टोबर १९५७ रोजी ते थाटामाटात हँगरबाहेर आणले. त्याच दिवशी रशियाने स्पुटनिक सोडला. आकाशात क्षेपणास्त्रांचे युग आले आणि बॉम्बफेकी विमान पाडण्याच्या महागड्या विमानाला गिऱ्हाईक उरले नाही. २० फेब्रुवारी १९५९ ला डिफेनबेकरनी प्रकल्प गुंडाळला. एका दिवसात हजारो कामगार रस्त्यावर आले. तयार विमानेही कापून भंगारात काढली. काही इंजिनिअर नासात गेले. कॅनडात अजून लोक या विमानासाठी हळहळतात. माझे मत विचाराल तर निर्णयात हिशेब होता. करण्याची पद्धत मात्र कसाईखान्याची होती.

त्याच्या जागी आली अमेरिकन बोमार्क क्षेपणास्त्रे, नॉर्थ बे आणि ला मकाझा इथे मिळून ५६. घोळ असा की अण्वस्त्राशिवाय त्यांचा उपयोग शून्य, आणि अण्वस्त्रे घ्यायची की नाही हे डिफेनबेकरना ठरवता येईना. क्षेपणास्त्रे विकत घेतली, तळ बांधले आणि टोके रिकामी ठेवली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला. केनेडींच्या भाषणाला जेमतेम दोन तास राहिले असताना त्यांचा दूत ओटावात कळवायला आला. विचारायला नव्हे, कळवायला. डिफेनबेकर दुखावले आणि सैन्याला सज्जतेचा हुकूम देण्यात त्यांनी जवळजवळ दोन दिवस घालवले. संरक्षणमंत्री डग्लस हार्कनेस यांनी तोवर गुपचूप सैन्य सज्ज करून टाकले होते. म्हणजे हो म्हणून मिळणारा मानही गेला आणि नाही म्हटल्याचे समाधानही मिळाले नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये याच अण्वस्त्रांच्या वादात सरकार कोसळले.

आणि अण्वस्त्रे घेतली कोणी? नोबेलविजेत्या पिअर्सननी. दिलेला शब्द आधी पाळू, मग वाटाघाटी करू, असे जानेवारीत जाहीर करून त्यांनी निवडणूक जिंकली आणि वर्ष संपता संपता बोमार्कची टोके येऊन पोचली. पियर ट्रूडो नावाच्या क्युबेकच्या एका प्राध्यापकाने तेव्हा त्यांच्यावर तिखट लेख लिहिला. पाचच वर्षांत हा प्राध्यापक पिअर्सनच्याच पक्षाचा पंतप्रधान झाला. पिअर्सनना मी ढोंगी म्हणणार नाही. खात्यात पैसे भरल्याशिवाय चेक वटत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

तरी प्रत्येक चेक वटतोच असे नाही. एप्रिल १९६५ मध्ये फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठात त्यांनी उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थोडी थांबवून पाहा, असे जाहीरपणे सुचवले. दुसऱ्या दिवशी कॅम्प डेव्हिडवर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना अक्षरशः कोटाची कॉलर धरून झापले. बंद दाराआड बोललेले चालते, पाहुणा म्हणून येऊन चारचौघांत बोललेले चालत नाही. आणि त्याच काळात कॅनडाचे कारखाने अमेरिकन सैन्याला माल विकत होते, हेही विसरू नका.

शेवटी आपल्याकडे येतो. १९५४ नंतर इंडोचायनातल्या, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातल्या, युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आयोगात भारत अध्यक्ष होता, सोबत कॅनडा आणि पोलंड. भारताबद्दल आस्था घेऊन गेलेले कितीतरी कॅनेडियन अधिकारी तिथून कडवट होऊन परतले. भारत पोलंडच्या बाजूने झुकतो, असे त्यांना वाटे. त्याच सुमारास कोलंबो योजना या राष्ट्रकुलाच्या मदत योजनेखाली कॅनडाने आपल्याला एक अणुभट्टी दिली. तीच ट्रॉम्बेची सायरस. भट्टीला लागणारे जड पाणी अमेरिकेचे. वापर शांततेसाठी होईल असे आश्वासन १९५६ च्या करारात होते, पण तपासणीची तजवीज नव्हती. होमी भाभा आणि कॅनडाच्या अणुकार्यक्रमाचे डब्ल्यू. बी. लुईस यांची केंब्रिजपासूनची ओळख. विश्वासावर काम चालले. भट्टी जुलै १९६० मध्ये सुरू झाली. १९७१ मध्ये ट्रूडोंनी इंदिरा गांधींना पत्र लिहून बजावले की कॅनडाने दिलेल्या साहित्यातून स्फोट झाला तर आम्हाला फेरविचार करावा लागेल. १८ मे १९७४ ला पोखरणला स्फोट झाला. प्लुटोनियम सायरसचे होते. आपण त्याला शांततामय म्हटले. कॅनडाने मदत तोडली आणि १९७६ मध्ये कायमची बंद केली.

भारतावर चिडलेल्या या कॅनडाच्या हवाई तळांवर त्या दिवशीही अमेरिकन कुलपाखालची अण्वस्त्रे होती. शेवटची हलली १९८४ मध्ये. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये कॅनडाचे ऐकले जाई, कारण तिथे तो घरचा होता आणि त्याच्या वाट्याचे ओझे उचलत होता. दिल्लीत तो घरचा नव्हता. इथे त्याच्या हातात एकच गोष्ट होती, तंत्रज्ञान देणे किंवा थांबवणे. आणि एकदा थांबवल्यावर तीही उरली नाही. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने चाललेले दुसऱ्या अणुभट्टीचे काम अर्ध्यावर राहिले होते. ते आपल्या इंजिनिअरांनी पुरे केले, आणि १९८१ मध्ये ती व्यावसायिक वापरात आली.