सकाळ ठरते ती आदल्या रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीच्या मध्यावर पुण्यात सूर्य उगवतो तो सकाळी सात वाजून गेल्यावर, साधारण ७ वाजून ८ मिनिटांनी. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सहा वाजायला दोन-तीन मिनिटे कमी असतानाच तो वर आलेला असतो. म्हणजे एकाच गावात उजाडण्याच्या वेळेत वर्षभरात तासाहून अधिक फरक पडतो. त्यातून आपल्या भिंतीवरचे घड्याळ पुण्याच्या सूर्यावर लावलेले नाहीच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे येथे सूर्य प्रमाणवेळेच्या मानाने सुमारे ३५ मिनिटे मागे चालतो. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, पहाटे पाचला उठणाऱ्यांचे जे कौतुक अलीकडे फार वाढले आहे, त्यात पाच या आकड्यालाच काही सामर्थ्य असल्यासारखे बोलले जाते. आपल्या शरीराला हा आकडा ठाऊक नाही. त्याला उजेड ठाऊक आहे.

मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणारे दोन्ही मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात त्याच्या अगदी वर, काही हजार पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. झोप, शरीराचे तापमान, भूक आणि अनेक संप्रेरके यांचे दैनंदिन वेळापत्रक तो सांभाळतो. हे जैविक घड्याळ पेशींच्या आत कसे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील प्रयोगांतून करणाऱ्या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या बाबतीत यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, हे घड्याळ बहुतेकांमध्ये २४ तासांपेक्षा किंचित अधिक लांबीचे असते आणि म्हणून त्याला रोज थोडे पुढे सारावे लागते. ते काम सकाळचा प्रकाश करतो. उलट रात्री उशिरा डोळ्यांवर पडणारा प्रखर प्रकाश तेच घड्याळ मागे ढकलतो, झोप लांबवतो आणि मग सकाळी गजर वाजला तरी शरीराच्या लेखी ती अजून रात्रच असते.

जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांत ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे सांगितलेले आहे, हे आपण ऐकलेले असते. पण तो मुहूर्त सूर्योदयावरून मोजला जातो, सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. या हिशोबाने जानेवारीत पुण्यातला ब्राह्ममुहूर्त साडेपाचनंतर सुरू होतो आणि जूनमध्ये साडेचारच्याही आधी. शिवाय दिवे मालवून लोक ज्या काळात रात्री आठ-नऊला अंथरुणावर पडत, त्या काळातला हा नियम आहे. रात्री साडेबारापर्यंत मालिका बघून त्याच नियमाने उठणारा माणूस नियम पाळत नाही, तो केवळ झोप कापतो.

म्हणूनच निरोगी सकाळ घडवायची असेल, तर कामाला सुरुवात रात्री करावी लागते. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, यावर तज्ज्ञांचे एकमत आहे. तेव्हा सहाला उठायचे असेल तर अकराला डोळे मिटलेले असले पाहिजेत, अकराला दिवा बंद करण्याचा विचार सुरू होऊन चालणार नाही. संध्याकाळी सातच्या चहाचाही येथे संबंध येतो, कारण चहा-कॉफीतील कॅफीनपैकी निम्मे शरीरातून बाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात. उठण्याची वेळ मात्र एकदा ठरवली की ती रविवारीही फार हलू देऊ नये. आठवडाभर सहाला आणि रविवारी साडेनऊला उठणाऱ्याचे शरीर सोमवारी सकाळी दुसऱ्या देशातून विमानाने उतरल्यासारखे वागते. झोपण्याची वेळ आपल्या हाती पूर्णपणे नसते, उठण्याची असते. आणि ती पक्की झाली की आठ-पंधरा दिवसांत झोपही आपोआप तिच्या मागे येऊ लागते.

जाग आल्यानंतरचा पहिला अर्धा तास हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. डोळे उघडले तरी मेंदू पुरता जागा व्हायला पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ घेतो, आणि याच काळात कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी वाढत जाऊन ती शरीराला दिवसासाठी सज्ज करत असते. नेमक्या या अवस्थेत बहुतेकांचा हात उशीशेजारच्या मोबाइलकडे जातो. गजर बंद करायला उचललेल्या त्याच मोबाइलवर रात्रीतून आलेले कार्यालयाचे तीन निरोप, सोसायटीच्या गटावर पार्किंगवरून पेटलेला वाद आणि कोणा नातलगाचे सुप्रभात हे सगळे एकदम अंगावर येते, आणि आज काय करायचे हे आपण ठरवण्याआधी ते दुसऱ्यांनी ठरवून टाकलेले असते. यावर निग्रहाचा उपाय मी कोणालाही सुचवत नाही, कारण अर्धवट जागा असलेला माणूस निग्रह करू शकत नाही. शंभर-दोनशे रुपयांचे गजराचे घड्याळ आणावे आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावून झोपावे. एवढे पुरते.

त्याऐवजी उजेडात जावे. उजेड लक्स या एककात मोजतात; घरातल्या ट्यूबलाइटचा प्रकाश काहीशे लक्सच्या पलीकडे क्वचितच जातो, तर आषाढातल्या ढगाळ सकाळीदेखील गच्चीवर तो काही हजार लक्स असतो. त्यामुळे पावसाळ्यात टेकडीची वाट निसरडी झाली म्हणून हळहळण्याचे कारण नाही; चहाचा कप घेऊन वीस मिनिटे बाल्कनीत उभे राहिले, तरी जैविक घड्याळाचे काम होते.

पुणेकरांना टेकडीचे वेगळे महत्त्व सांगायला नकोच. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी आणि पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या यांनी या शहराला जी फुकटची व्यायामशाळा दिली आहे, ती फार थोड्या शहरांच्या वाट्याला येते. पर्वतीच्या पायथ्याशी सकाळी थोडा वेळ उभे राहिले तर दिसते की, रोज येणारी माणसे पहिल्या टप्प्याला हळू चालतात, कठड्याला हात लावून श्वास जुळवतात आणि मग एका लयीत वर जातात. नवखी माणसे मात्र पळत सुटतात आणि निम्म्यावर कंबरेवर हात ठेवून थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगितला आहे. पाच दिवस अर्धा तास झपाझप चालले की त्यातली खालची मर्यादा गाठली जाते, आणि बहुतेकांना तेवढ्यावर सुरुवात करणे शहाणपणाचे आहे.

हिवाळ्यात मात्र एक सावधगिरी बाळगावी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार राहते, त्यामुळे धूर वर न जाता खालीच साचतो. वाहनांचा धूर आणि कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवलेल्या पालापाचोळ्याच्या शेकोट्या यांमुळे रस्त्याकडेला चालणाऱ्याच्या फुप्फुसांत व्यायामाबरोबर नको ते बरेच काही जाते. ऊन पडू लागले की ही हवा हळूहळू मोकळी होते. दमा असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी या दोन महिन्यांत अंधारात बाहेर पडण्याचा अट्टाहास करू नये. हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरात अधिक येतात, हेही ज्येष्ठांनी ध्यानात ठेवावे आणि थंडीत अंगात ऊब आल्याशिवाय चढण चढू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालायचे की नाही, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी.

न्याहारीबद्दल थोडक्यात सांगतो. पोहे, उपमा हे पदार्थ वाईट नाहीत, पण त्यांत प्रथिने कमी पडतात. सोबत मोड आलेली मटकी, वाटीभर दही किंवा एखादे अंडे असावे, किंवा सरळ भाजणीचे थालीपीठ करावे. चहा न्याहारीबरोबरच घेतला तर धान्या-भाज्यांतील लोह शरीराला कमी मिळते. ज्या स्त्रियांचे हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांनी चहा आणि खाणे यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून एक खटकणारी गोष्ट बोलतो. शांत आणि विचारपूर्वक आखलेल्या सकाळीबद्दल जे सांगितले जाते, ते बहुधा डबा न करणाऱ्या माणसाने सांगितलेले असते. सहा वाजता घरातला एक जण डोळे मिटून ध्यानाला बसतो, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात दुसरी व्यक्ती एका शेगडीवर भाजी परतत, दुसरीवर पोळी उलटत, नळाला पाणी आहे तोवर पिंप भरून घेत, मधेच मुलाचा हरवलेला मोजा शोधत असते. पहिल्याची शांतता दुसरीच्या धावपळीतून येत असेल, तर तिला दिनचर्या म्हणणे मला जड जाते. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवणे, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवणे, दप्तर आणि गणवेश एका जागी काढून ठेवणे ही कामे घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी वाटून घेतली, तर तिलाही सकाळी वीस मिनिटे उजेडात उभे राहायला मिळतील. ती मिळत नसतील, तर त्या घराने नवा नियम करण्याआधी हा जुना हिशोब निकाली काढावा.

मुलांच्या बाबतीत २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, तो योग्य होता. किशोरवयात जैविक घड्याळ स्वभावतःच उशिराकडे सरकते, तेव्हा दहावीतल्या मुलाला आळशी म्हणण्यापूर्वी पालकांनी त्याच्या झोपेचे तास मोजावेत. हिंजवडी-खराडीत परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळी करणाऱ्यांची सकाळ तर आपल्या संध्याकाळी होते. त्यांनी घरी परतताना गॉगल घालावा, खोलीत जाड पडदे लावावेत, झोपेचे तास शक्यतो रोज तेच ठेवावेत आणि उठल्यावर प्रखर उजेडात जावे. घरच्यांनी दुपारी त्यांच्या दारावरची घंटा वाजू न देण्याची काळजी घ्यावी.

आता प्रश्न राहतो तो सवय लागण्याचा. एकवीस दिवसांत सवय लागते असे ठामपणे सांगितले जाते, पण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांवर केलेल्या एका अभ्यासात एखादी कृती आपोआप घडू लागायला कोणाला १८, तर कोणाला थेट २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६ होता. त्याच अभ्यासात असेही दिसले की, एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. तेव्हा प्राणायाम, डायरी, कोमट पाणी, सूर्यनमस्कार आणि वाचन हे सर्व एकाच सोमवारी सुरू करू नये. आधी उठण्याची वेळ पक्की करावी, मग उजेड, मग चालणे, आणि प्रत्येक नवी गोष्ट एखाद्या जुन्या कृतीला जोडावी. चहाचे आधण ठेवले की बूट घालायचे, असे ठरवले तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. आणि आपल्या गावात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या दिवसांत घडी विस्कटणारच. मिरवणूक संपल्यावर दुपारी फार तर वीस मिनिटे पडावे, त्या रात्री तासभर लवकर झोपावे आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळी उठावे.

नमस्कार.