पहिल्या मैफलीचा पहिला तुकडा

(दृश्य: पहाट. सोलापूरच्या पूर्व भागातली गल्ली. बंद माग, चादरींचे गठ्ठे.)

माग सुरू व्हायला अजून तासभर आहे. आमच्या घरात पियानो नीट ऐकायचा तर तो याच वेळी.

ही जर्मन संगीतकार बाखची रचना, ‘जेसू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’. लक्ष देऊन ऐका. सूर तीन-तीनच्या गटांत, न थांबता, एका लयीत वाहत राहतात. आणि मग त्यांच्या मधूनच चर्चमधलं एक संथ भजन वर येतं. मागावर वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आधी ताणा, म्हणजे उभे धागे, मग त्यातून जाणारा बाणा, आडवा धागा.

वाजवतोय दिनू लिपाती, रुमानियाचा. जन्म 1917, बुखारेस्ट. वडील व्हायोलिन वाजवायचे, आई पियानो. पोराचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालाच नाही, तो पियानो वाजवण्याइतका मोठा झाल्यावर झाला. आणि त्या समारंभात त्यानं स्वतः मोझार्टचा मिनुएट, नाचाच्या चालीचा एक तुकडा, वाजवला! धर्मपिता होते थोर संगीतकार जॉर्ज एनेस्कू.

1933. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. दिनू सोळा वर्षांचा. दुसरा आला. परीक्षकांत आल्फ्रेड कोर्तो होते, त्या काळातले फार मोठे पियानोवादक. त्यांच्या मते पहिला नंबर याच मुलाचा होता. निषेध म्हणून त्यांनी परीक्षक मंडळच सोडलं. पुढे दिनू पॅरिसला त्यांच्याकडेच शिकायला गेला.

स्पर्धेतून दुसरा येऊन मूल घरी परततं, तेव्हा आपण पहिलं विचारतो, ‘मग पहिला कोण आला?’ मी स्वतः हे विचारलेलं आहे. आता विचारणार नाही.

पॅरिसमध्ये पियानो कोर्तोंकडे आणि संगीतरचना संगीतकार पॉल द्युका यांच्याकडे. 17 मे 1935 ला द्युका गेले. तीनच दिवसांनी, 20 मे रोजी, अठरा वर्षांच्या दिनूची पॅरिसमधली पहिली मैफल होती. मैफल झाली. पहिला तुकडा त्यानं गुरूंच्या आठवणीत वाजवला. हाच, आत्ता चाललेला.

मग दुसरं महायुद्ध. 1943 मध्ये जिनिव्हा, तिथं शिकवण्याचं काम. आणि हॉजकिन्सचा आजार, लसिकाग्रंथींचा कर्करोग. 1950 च्या उन्हाळ्यात कॉर्टिसोन या तेव्हाच्या नव्या औषधानं थोडी उभारी दिली. त्या जुलैत, जिनिव्हामध्ये, त्याचं बरंच वादन ध्वनिमुद्रित करून घेतलं गेलं. आपण ऐकतोय ते त्यातलंच. हात एवढे स्थिर, की आजारपणाचा मागमूस लागत नाही.

16 सप्टेंबर 1950. फ्रान्समधलं बेझाँसाँ. डॉक्टरांचा विरोध होता, तरी तो मंचावर आला. शेवटी संगीतकार शोपँचे चौदा वॉल्ट्झ, नाचाच्या लयीतले पियानोचे तुकडे, वाजवायचे ठरले होते. तेरा झाले. चौदाव्याला अंगात त्राणच उरलं नाही. त्याऐवजी त्यानं बाखचा हाच तुकडा वाजवला.

2 डिसेंबरला तो गेला. वय तेहतीस.

(दृश्य: शेजारची खोली. मांडीवर कॅसिओ घेऊन बसलेली मुलगी.)

ही माझी भाची. दोन महिन्यांपासून याच तुकड्याच्या पहिल्या आठ ओळी बसवतेय. उजव्या हाताची तीन बोटं एकाच जागी अडखळतात. ती थांबते. ‘मामा, परत लाव ना तेवढंच.’

मी परत लावतो. ती डोळे मिटून ऐकते, बोटं नुसतीच पट्ट्यांवर ठेवून.

बाहेर पहिला माग सुरू झाला.