रिपोर्टात काहीच निघालं नाही

(दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव, सकाळ. बाया कापूस वेचणीला निघाल्यात. ओट्यावर एक माणूस बसून आहे.)

पराटी पांढरी झाली आहे, पण हा महिनाभर वावरात गेलेला नाही. विचारलं तर म्हणतो, ‘मले काहीच गोड लागत नाही. डोकं जड रायते. राती तीनलेच झोप उडते.’ रक्त तपासलं, शुगर पाहिली, डोक्याचा सीटी स्कॅनही झाला. सगळं नॉर्मल. रिपोर्टात काही निघालं नाही म्हटल्यावर घरचेच म्हणू लागले, आळशी झाला. पण हे नैराश्य असू शकतं.

(दृश्य: कागदावर सरकणाऱ्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या नोंदीच्या, रेषा.)

मेंदूतली वीज मात्र कागदावर उमटते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा नोंदवली. डोळे मिटून निवांत बसलं की सेकंदाला साधारण आठ ते तेरा लाटा उमटतात. ही अल्फा. मेंदूच्या ज्या भागात अल्फा जास्त, तो भाग तेवढा वेळ सुस्तावलेला, असं मानलं जातं. नैराश्याच्या काही रुग्णांत कपाळामागच्या डाव्या भागात ती उजव्यापेक्षा जास्त दिसली. खूण सापडली, असं वाटलं. पण पुढं धडधाकट माणसांतही ती दिसली, आणि कित्येक रुग्णांत दिसलीच नाही. झोप कमी झाली, गोळ्या चालू असल्या, तरी रेषा बदलतात. आज नुसत्या ईईजीवरून नैराश्याचं निदान होत नाही. पैसे घेऊन कोणी तसं सांगत असेल, तर त्याला नाही म्हणा.

तरीही हा शोध थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. ‘रिपोर्टात निघालं’ एवढं ऐकायला मिळालं, तर या घरात त्याला कोणी आळशी म्हणणार नाही.

तोवर काय? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातलीच माणसं मानसिक आधार द्यायला शिकवून तयार केली. १८ महिन्यांत मदतीपर्यंत पोचलेल्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. यंत्र कुठलंच नव्हतं.

(दृश्य: आशाताई ओट्यावर बसते. हातात नैराश्य ओळखायचा नऊ प्रश्नांचा कागद.)

‘भाऊ, या दोन हप्त्यांत कशात मन लागलं काय?’

तो बराच वेळ बोलत नाही. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. तो विचारताना ती कागद खाली ठेवते. तो मान हलवतो, हो. ती तिथंच बसून टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ लावते.