ऐकणारा चेहरा

रसिक श्रोतेहो, जुन्या हिंदी प्रेमपटांचा विषय निघाला की आपण गाणाऱ्यांविषयी बोलू लागतो. आवाज कोणाचा, चाल कोणाची, शब्द कोणाचे, पडद्यावर ओठ कोणी हलवले, हे आपल्याला तोंडपाठ असते. आज मी त्याच गाण्यांतल्या दुसऱ्या व्यक्तीविषयी बोलणार आहे, जी गात नाही, नुसती ऐकते. १९५५ ते १९६५ या काळातले उत्तम प्रेमपट इतक्या वर्षांनंतरही आपल्याला जागचे हलू देत नाहीत, याचे मोठे श्रेय या ऐकणाऱ्या चेहऱ्याला आहे, असे मला मनापासून वाटते.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत गणेशोत्सवात रस्त्यावर आडवा पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पुढची जागा भरली की उरलेल्यांनी पडद्याच्या मागे सतरंज्या टाकायच्या. तिथून चित्र दिसे, पण उलटे. श्रेयनामावलीची अक्षरेही आरशात पाहावीत तशी. 'सुजाता' मी पहिल्यांदा असा मागच्या बाजूने पाहिला. प्रोजेक्टरची घरघर, शेंगा फोडल्याचे आवाज, लहान मुलांची रडारड असे सगळे चालू होते, आणि मग टेलिफोनचे ते गाणे आले. नूतनने रिसीव्हर कानाशी धरला होता आणि तिचे डोळे भरून येत होते. मला तेव्हा गोष्ट नीट कळतही नव्हती. पण माझ्या शेजारी शेंगा खाणाऱ्या मावशींचा हात पिशवीतच थांबलेला मला अजून दिसतो. पुढे अनेक वर्षांनी तो चित्रपट सरळ बाजूने पाहिला, तेव्हा रिसीव्हर दुसऱ्याच कानाला लावलेला पाहून मला क्षणभर चुकल्यासारखे झाले.

बिमल रॉय यांनी १९५९ साली काढलेल्या या चित्रपटातला तो प्रसंग जरा बारकाईने पाहू. 'जलते हैं जिसके लिए' हे मजरूह सुलतानपुरींचे गीत, सचिनदेव बर्मन यांची चाल आणि तलत महमूद यांचा तो किंचित कापरा आवाज. सुनील दत्त फोनवर गातो आहे आणि दुसऱ्या टोकाला सुजाता ऐकते आहे. सुजाता ही अस्पृश्य आईबापांची पोर, ब्राह्मण कुटुंबात वाढलेली; पण त्या घरची आई तिची ओळख करून देते ती 'मुलगी' म्हणून नव्हे, 'मुलीसारखी' म्हणून. शिवाय हा तरुण त्या घरच्या सख्ख्या मुलीसाठी योजलेला आहे. म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येक ओळीला तिच्या मनात 'हो' आहे आणि ते उच्चारायची सोय मात्र कुठेच नाही, ना जातीमुळे, ना ज्यांच्या घरात ती वाढली त्यांच्या उपकारांमुळे. तिने उत्तर दिले असते तर तो प्रसंग तिथेच संपला असता. ती बोलत नाही, म्हणून तिचे सगळे उत्तर तिच्या चेहऱ्यावर येते आणि ते वाचण्याचे काम आपल्यावर येऊन पडते. प्रेमपटाचा प्रेक्षक गुंततो तो इथे. प्रियकराला तारेच्या पलीकडे जे दिसत नाही ते आपल्याला दिसत असते, आणि ते त्याला सांगता येत नाही ही आपली तगमग असते.

ऐकणाऱ्याला असे महत्त्व देणे आपल्याला पूर्वी शक्यच नव्हते. संगीत रंगभूमीवर नायिकेचे पद रंगले की वन्समोअर मिळे आणि समोरचा नट तोवर तिष्ठत उभा राही. त्याच्या मुद्रेवर काय चालले आहे हे चौथ्या रांगेपलीकडे कोणाला दिसणार? बोलपट आला तेव्हा सुरुवातीला नटाने स्वतःच कॅमेऱ्यासमोर गायचे आणि वादकांनी चौकटीबाहेर कुठेतरी बसायचे, अशी रीत होती, त्यामुळे कॅमेरा गाणाऱ्याला बांधलेला असे. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मधून पार्श्वगायन आले आणि आवाज व चेहरा यांची फारकत झाली. गाणे आधी ध्वनिमुद्रित व्हायचे, सेटवर ते वाजवायचे आणि त्यावर चित्रीकरण करायचे. आता कुठला शब्द कोणत्या क्षणी येणार हे दिग्दर्शकाला नेमके ठाऊक असे, आणि गाणारा अंतऱ्यात असताना कॅमेरा खुशाल ऐकणाऱ्याकडे वळू शकत असे.

हॉलीवूडच्या संगीतपटांनी याच अडचणीवर वेगळा मार्ग काढला. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या नृत्यांत डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण देह चौकटीत दिसला पाहिजे, असा अस्टेअरचा आग्रह असे. तिथे प्रेयसी उत्तर देते ते पावलांनी. मला ती नृत्ये फार आवडतात. पण आपल्याकडे उत्तर पापण्यांनी दिले जाते आणि त्यासाठी कॅमेऱ्याला खूप जवळ यावे लागते.

किती जवळ, ते १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये पाहावे. रात्री दूर कुठेतरी तानसेन गातो आहे. आवाज साक्षात बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, राग सोहनी. इकडे सलीम एका पांढऱ्या पिसाने अनारकलीचा चेहरा कुरवाळतो आहे. दोघेही गात नाहीत, बोलतही नाहीत. मधुबालाच्या चेहऱ्यावरून ते पीस फिरते तेव्हा तान वर कुठे चढते आणि पापणी कुठे मिटते हे एकदा फक्त त्यासाठी पाहावे, अशी माझी आपणा सर्वांना विनंती आहे.

त्याहूनही मला जवळचा वाटतो तो १९५७ च्या 'प्यासा'मधला प्रसंग. रस्त्यावर एक जोगीण राधेच्या विरहाचे कीर्तन गाते आहे. गीता दत्तचा आवाज आहे आणि तो ना नायकाचा ना नायिकेचा. विजय कवी आहे, उपेक्षित आहे. तो गच्चीवर जातो. गुलाबो, जिला शहराने वेश्या म्हणूनच ओळखले आहे, त्याच्या मागून जिना चढते. कीर्तनातली राधा जे मागते आहे तेच हिला हवे आहे, पण ते मागण्याचा हक्क आपल्याला नाही असे तिला वाटते. ती त्याच्या पाठीशी येऊन उभी राहते. खालून टाळांचा गजर वाढत जातो, वहिदा रेहमानचे डोके त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर येते, आता टेकणार असे वाटते, आणि ती मागे फिरते, धावत जिना उतरते. विजयला काहीच कळलेले नाही.