फोर्क उलटा, फोटो सुंदर

[दृश्य: वर्कशॉपचं टेबल. मासिकांतून कापलेल्या जाहिराती पसरलेल्या. ग्रीस लागलेलं एक बोट एकीवर टेकतं.]

डोंगराचा कडा, मावळतीचा उजेड, वाऱ्यावर उडणारे केस. जाहिरात कशाची आहे? विम्याची. शेजारची बँकेची. तिच्या खालची सांधेदुखीच्या मलमाची. जाहिरातीत माउंटन बाइक दिसली म्हणजे माउंटन बाइकच विकायची असते असं नाही. बऱ्याच जणांना विकायचा असतो मोकळेपणा, आणि त्यासाठी सायकल बरी पडते. ती खोक्यातून सेटवर येते, ज्याला सवड असेल तो जोडतो, आणि उजेड जायच्या आत फोटो उरकतात. फोटो सुंदर येतो. फक्त सायकलचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, पुढचा मागे झालेला असतो.

बोट जिथे टेकलंय तिथे बघा. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे. ती चकती आणि तिला धरणारा कॅलिपर नेहमी चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला असतात, आणि कॅलिपर फोर्कच्या पायाच्या मागच्या अंगाला असतो. चेन उजव्या बाजूला. म्हणजे सायकलच्या एका बाजूला उभं राहिलं तर चेन आणि पुढची चकती दोन्ही समोर येता कामा नयेत. या फोटोत दोन्ही समोर आहेत, आणि कॅलिपर नाकासारखा पुढे आलाय. फोर्क उलटा आहे. ओळखायला एवढं पुरतं.

डिस्क नसेल, चाकाच्या कडेला दोन बाजूंनी चिमटणारे साधे व्ही-ब्रेक असतील, तर आणखी सोपं. पुढचे ब्रेक फोर्कच्या पुढे दिसले पाहिजेत. फोर्क आणि फ्रेमच्या मधे लपलेले दिसले की समजा, गडबड आहे.

[दृश्य: स्टँडवर लावलेली सायकल. अ‍ॅलन की. स्टेमचे बोल्ट सैल होतात.]

हे होतं कसं, ते आम्ही मुद्दाम करून पाहिलं. हँडलला फोर्कशी जोडणाऱ्या तुकड्याला स्टेम म्हणतात. त्याच्या मागच्या अंगाचे दोन बोल्ट सैल केले की हँडल आणि फोर्क यांचा एकमेकांशी संबंध सुटतो. आता फोर्क अख्खा फिरवता येतो. अर्धा फेरा झाला. चाक फ्रेमच्या खालच्या नळीकडे सरकलं. आता हँडल सरळ करून बोल्ट आवळले. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, तर काय चुकलंय? पटकन काहीच दिसत नाही. दोन चाकं आहेत, हँडल पुढे आहे, सीट मागे आहे.

कॅमेरा जरा जवळ नेऊ. ब्रेकची नळी बघा. एरवी ती हँडलवरून सैलसर कमान घेत खाली कॅलिपरकडे उतरते. इथे तिने फ्रेमच्या पुढच्या नळीला वेढा घातलाय, आणि जिथे घासतेय तिथे रंगावर आत्ताच एक पुसट रेघ उठली आहे. जाहिरातीतल्या सायकलीला हा वेढा दिसला तर बाकी काही तपासायची गरज नाही.

आणि दोष जोडणाऱ्याचा म्हणावा, तर सुरुवात त्याच्याही आधी होते. बऱ्याच सायकली खोक्यात घालतानाच फोर्क मागे वळवलेला असतो. तसं केलं की लांबी कमी होते आणि खोका आटोपशीर राहतो. खोका उघडणाऱ्याला सायकल त्याच अवस्थेत दिसते. त्याला वाटतं, कारखान्यातून आलीय म्हणजे बरोबरच असणार. तो हँडल बसवतो आणि हात झटकतो.

आता थोडं गणित, कारण सगळी गंमत त्यातच आहे. फोर्क आणि हँडल ज्या रेषेभोवती फिरतात, त्या रेषेच्या किंचित पुढे पुढच्या चाकाचा आस, म्हणजे अ‍ॅक्सल ठेवलेला असतो. या अंतराला ऑफसेट म्हणतात. 29 इंची चाकाच्या माउंटन बाइकला तो 44 किंवा 51 मिलिमीटर असणं अगदी सर्रास. दुसरी गोष्ट ट्रेल. हँडल फिरण्याची तीच रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला भेटते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सायकल सरळ जायला बघते ती याच्या जिवावर. चाकाची त्रिज्या 370 मिलिमीटर, पुढच्या नळीचा कोन 66 अंश आणि ऑफसेट 44 मिलिमीटर धरला, तर ट्रेल येतो सुमारे 117 मिलिमीटर. आता फोर्क उलटा. आकडा जातो 213 वर. आणि अ‍ॅक्सल 8 सेंटिमीटर मागे येतो.

[दृश्य: वरून. पायडल पुढे येतं, बुटाचं टोक टायरला लागतं. पुन्हा, सावकाश.]

वळताना बूट चाकाला लागतो, हँडल जड होतं, आणि पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावरून पुढे जायला सोपं होतं.

एक इशारा. प्रत्येक विचित्र फोर्क चुकलेला नसतो. मॅनिटू या कंपनीच्या फोर्कचे दोन पाय जोडणारी कमान मागच्या बाजूलाच असते, ती तशीच बरोबर. कॅननडेलच्या लेफ्टी फोर्कला तर एकच पाय असतो, डावीकडचा. तो फोटो पाहून ‘एक पाय चुकून खोडला की काय’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

[दृश्य: संगणकाचा पडदा. सायकलचा फोटो एका क्लिकमध्ये डावा-उजवा होतो.]

दुसरी चूक वर्कशॉपमध्ये होत नाही, ती पडद्यावर होते. मजकूर उजवीकडे टाकायचाय, सायकल डावीकडे तोंड करून हवीय, पण फोटोत ती उजवीकडे निघालीय. मग फोटो आरशासारखा पलटवायचा. झालं काम. चेन डाव्या बाजूला गेली. फ्रेमवरचं नाव उलटं दिसतं म्हणून ते पुसलं जातं किंवा नव्याने लिहिलं जातं. टायरच्या कडेवरची अक्षरं मात्र राहून जातात. ही बघा, पडद्यावर मोठी केलीत. वाचायची तर आरसा लागेल.

कसरतींच्या काही छोट्या बीएमएक्स सायकलींना चेन खरंच डावीकडे असते, पण माउंटन बाइकला नाही. तिचे दाते, मागच्या चाकाचं फ्रीव्हील, पायडलचे आटे, सगळं चेन उजवीकडे धरून घडवलेलं आहे. डाव्या पायडलचे आटे तर उलटे असतात, नेहमीच्या दिशेने फिरवून ते कधीच बसायचं नाही.

मग हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही? सायकल तर सगळ्यांनी पाहिलेली असते. लिव्हरपूल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ रिबेका लॉसन यांनी हेच तपासलं. 2006 साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना सायकलच्या अर्धवट चित्रात फ्रेम, पायडल आणि चेन काढायला सांगितलं, आणि वेगवेगळ्या चित्रांतून बरोबर चित्र ओळखायलाही सांगितलं. काहींनी चेन पुढच्या चाकालाही गुंडाळली. अशी सायकल वळणारच नाही, कारण चेन हँडल फिरू देणार नाही. न चालवणाऱ्यांच्या चुका जास्त होत्या. डोळ्यांसमोर असणं वेगळं आणि हाताखालून जाणं वेगळं. जाहिरातीच्या सेटवर नेमकी दुसऱ्या प्रकारची माणसं नसतात.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. धूळ, जीन्स, जाड टायर.]

ही छायाचित्रं बघा. कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी, फेअरफॅक्स गावाजवळचा डोंगर. 1976 साली इथे रिपॅक नावाची उताराची शर्यत सुरू झाली. तीन किलोमीटरहून थोडा जास्त कच्चा रस्ता आणि सुमारे 400 मीटरचा उतार. सायकली 1930–40 च्या दशकांतल्या, श्विन कंपनीच्या वगैरे, भंगारातून आणून दुरुस्त केलेल्या. ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, पायडल उलटं मारलं की लागणारा. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडा, पुसा, नवं ग्रीस भरा, आणि पुन्हा वर. या उतारावरची सगळ्यात वेगवान वेळ गॅरी फिशरची, 4 मिनिटं 22 सेकंद. जो ब्रीझ नावाचा दुसरा गडी त्याच्या मागोमाग. याच ब्रीझने 1977 मध्ये या वापरासाठी म्हणून फ्रेम घडवली. 1979 मध्ये फिशर आणि चार्ली केली यांनी कंपनी काढली, तिच्या सुरुवातीच्या फ्रेम टॉम रिची याने बनवल्या. 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजम्पर आली, आणि माउंटन बाइक कारखान्यातून मोठ्या संख्येने निघू लागली.

आम्ही ही छायाचित्रं दाखवतोय त्याचं कारण ती काढणारी व्यक्ती. या दिवसांतली कितीतरी छायाचित्रं वेंडी क्रॅग यांची आहेत, आणि त्या स्वतः याच उतारावर सायकल चालवत होत्या. कॅमेऱ्यामागच्या डोळ्याला माहीत होतं की वळणावर माणूस कुठे झुकतो, पाय कधी खाली येतो, धूळ कुठून उडते. म्हणून यांत कुणीही सायकलवर ‘बसवलेला’ वाटत नाही.

[दृश्य: आजचं चित्रीकरण. उतार, वळण, मागचं चाक आडवं जातं. धुळीचा पंखा. संथ गतीत.]

आणि हे आजचं. मान्य करू, बघायला भारी आहे. आम्हीसुद्धा हे दृश्य कापलं नाही. मागचा ब्रेक करकचून दाबायचा, चाक अडकवायचं, सायकल आडवी घालायची. चांगला चालवणारा वळणाआधीच वेग कमी करतो, चाक फिरतं ठेवतो आणि वळणातून ब्रेक सोडून निघतो. अडकलेल्या चाकापेक्षा फिरतं चाक जास्त चांगलं थांबवतं, आणि दिशाही हातात राहते. पण फिरत्या चाकाची धूळ उडत नाही, म्हणून ते जाहिरातीत नसतं. अडकलेल्या चाकाने वाटेची माती निघते, चर पडतो, पहिल्या पावसात पाणी तोच चर धरतं. तो खोऱ्याने बुजवणारे वेगळेच असतात.

याच चित्रीकरणात पाय बघा. खडकाळ उतारावर एक पायडल तळाशी, एक वर. खालचं पायडल दगडाला आपटणार. पायडल मारायचं नसेल तेव्हा दोन्ही आडव्या रेषेत हवीत. वळणावर बाहेरचा पाय खाली जातो ते वेगळं. सीटही वर आहे. उतरताना ती खाली घ्यायची असते, हल्ली त्यासाठी हँडलवरच्या खटक्याने खालीवर होणारी सीटची दांडी, म्हणजे ड्रॉपर पोस्ट, मिळते. हेल्मेट कपाळ उघडं टाकून मागे सरकलेलं, पट्टा लोंबतोय. हेल्मेट उलटं घातलेली मॉडेलसुद्धा सापडते, आमच्या कात्रणांत आहे ती.

चाक हाताने झटकन काढता-बसवता यावं म्हणून असलेल्या क्विक-रिलीज खटक्याचं मात्र थोडं वेगळं आहे. तो मिटलेला असला पाहिजे. उघडा, बाहेर लोंबणारा खटका फोटोत दिसला की आमचे मेकॅनिक पान उलटतात. 2015 साली ट्रेक या सायकल कंपनीने अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे 10 लाख सायकली परत बोलावल्या, कारण उघडा खटका डिस्कमध्ये अडकू शकत होता, आणि अशा अपघातात एका माणसाचे हातपाय कायमचे निकामी झाले.

[दृश्य: सायकल आडवी. फ्रेमवरचा छोटा स्टिकर, अक्षरं वाचता येतील इतका जवळ.]

आतापर्यंतच्या चुका अजाणतेपणी झालेल्या. हा स्टिकर तसा नाही. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेने सायकलींचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. पहिला वर्ग डांबरी रस्त्याचा, चाक जमिनीवरून उठणारच नाही असं धरून. दुसऱ्यात खडीचा रस्ता आणि 15 सेंटिमीटरपर्यंतची उडी. तिसऱ्यात खडबडीत वाट आणि 61 सेंटिमीटर. चौथ्यात 122. पाचव्यात त्यापुढचं सगळं.

या फ्रेमला जाड दातेरी टायर आहेत, पुढेमागे स्प्रिंग आहेत, नळ्या फुगीर आहेत. स्टिकरवर आकडा आहे 1. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय, कच्च्या वाटेवर चालवू नका, उड्या मारू नका. आणि खोक्यावरच्या चित्रात हीच सायकल हवेत आहे. खाली दरी. याला चूक म्हणायला आमची जीभ अडखळते. चित्र काढणाऱ्याने पुस्तिका वाचली नसेल, पण पुस्तिका लिहिणाऱ्याने चित्र नक्की पाहिलं असणार.

[दृश्य: टॅब्लेट. मशिनने बनवलेल्या सायकलींची चित्रं एकामागून एक.]

आता तर सायकल भाड्यानेही आणावी लागत नाही, चित्र मशीनच काढून देतं. आम्ही अशी काही चित्रं मेकॅनिकसमोर ठेवली. पहिल्यात चेन मागून निघते आणि फ्रेममध्ये शिरून गायब होते. दुसऱ्यात चाकाच्या तारा हबपर्यंत पोहोचतच नाहीत. तिसरं बराच वेळ धरलं त्यांनी. फोर्क सरळ, कॅलिपर डावीकडे, चेन उजवीकडे, आम्हाला वाटलं पास झालं. मागच्या गिअरला केबल नव्हती. ‘त्याला हरकत नाही,’ ते म्हणाले, ‘हल्ली गिअर वायरलेस येतात.’ मग त्यांनी हँडल मोठं करून पाहिलं. ब्रेकचे दोन्ही लिव्हर होते. त्यांच्यापासून नळी निघतच नव्हती. एकही नाही.