स्टारसाठी ड्राफ्ट पिक द्यावेत का?

मित्रहो, एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, संघाने पुढच्या वर्षांचे ड्राफ्ट पिक (नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले आपले क्रमांक) देऊन आज एखादा स्टार घ्यावा की नाही, हा वाद दर उन्हाळ्यात नव्याने पेटतो. बहुतेक वेळा तो ‘किती पिक दिले’ या आकड्यावरच अडकतो. माझं म्हणणं असं, की आकड्याआधी दोन गोष्टी बघा. येणाऱ्या खेळाडूची चांगली वर्षं अजून किती उरली आहेत? आणि तो येईल तेव्हा संघात आधीपासून भक्कम कोण उभं आहे?

पहिल्या फेरीचा पिक म्हणजे हरणाऱ्या संघाला सावरण्यासाठी लीगने ठेवलेला आधार. प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची विजेतेपदासाठीची फेरी, हुकलेल्या 14 संघांची निवडीचा क्रम ठरवणारी लॉटरी निघते आणि तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी 14 टक्के संधी असते. स्वतःचा पिक कुठलीही अट न घालता देऊन टाकलात, की तुमच्या प्रत्येक पराभवाचा फायदा दुसऱ्याला होऊ लागतो.

ब्रुकलिन नेट्सचं उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण या व्यवहाराची सगळी रचनाच त्यात दिसते. रशियन मालक मिखाइल प्रोखोरोव्ह यांनी संघ घेतला तेव्हा पाच वर्षांत विजेतेपदाचं आश्वासन दिलं होतं. 2012 मध्ये संघ न्यू जर्सीहून ब्रुकलिनच्या नव्या कोऱ्या बार्कलेज सेंटरमध्ये आला. घाई होतीच. 2013 च्या उन्हाळ्यात त्यांनी बोस्टन सेल्टिक्सकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स घेतले. गार्नेट 37 वर्षांचा, पिअर्स 35 चा. बदल्यात काही खेळाडू आणि 2014, 2016, 2018 चे पहिल्या फेरीचे पिक दिले.

वर्षं अशी एकाआड एक का? लीगचा नियम आहे, स्टेपियन नियम: येणाऱ्या लागोपाठच्या दोन वर्षांत संघाकडे पहिल्या फेरीचा एकही पिक नाही, अशी वेळ आणता येत नाही. 1980 च्या दशकात क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक उधळले, त्यांना आवरण्यासाठी तो आला. मग मधल्या 2017 चं काय? तिथे अदलाबदलीचा हक्क दिला. म्हणजे दोघांपैकी ज्याचा पिक वरचा असेल, तो सेल्टिक्सने घ्यायचा. नियम शाबूत राहिला आणि नेट्सची चार वर्षं गहाण पडली.

पुढे काय झालं? पहिल्या हंगामात 44 विजय, प्लेऑफमध्ये टोरोंटोवर मात आणि दुसऱ्या फेरीत मायामीकडून 4-1 असा पराभव. 2016 मध्ये नेट्स फक्त 21 सामने जिंकून तळाच्या तीन संघांत होते, आणि त्यांचा तिसऱ्या क्रमांकाचा पिक बोस्टनला जेलन ब्राउन देऊन गेला. 2017 मध्ये फक्त 20 विजय, लीगमध्ये सर्वात कमी. पहिला क्रमांक बोस्टनच्या हाती गेला. त्यांनी तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा घेतला आणि जेसन टेटमला निवडलं. नेट्सच्या वाट्याला 27 वा आला. 2024 चं विजेतेपद सेल्टिक्सने याच दोघांच्या जोरावर मिळवलं.

मग पिक कधीच देऊ नयेत का? तसं मुळीच नाही. 2019 मध्ये लेकर्सनी अँथनी डेव्हिससाठी तीन तरुण खेळाडू आणि तीन पिक मोजले. तो 26 वर्षांचा होता, शेजारी लेब्रॉन जेम्ससारखा दिग्गज होता. पहिल्याच हंगामात विजेतेपद आलं. मिलवॉकीने 2020 मध्ये तिशीतल्या ज्रू हॉलिडेसाठी तीन पिक आणि दोन अदलाबदली दिल्या, तेव्हा मी त्यांच्याच बाजूचा होतो. त्यांचा स्टार यानिस ऐन भरात होता, त्याची वर्षं वाया घालवणं हा मोठा गुन्हा ठरला असता. 2021 मध्ये ते जिंकले.

क्लिपर्सचं दुखणं वेगळं. 2019 मध्ये कवाय लेनर्डला सोबत पॉल जॉर्ज हवा होता. क्लिपर्सनी ओक्लाहोमा सिटीला पाच पिक दिले, दोन अदलाबदली दिल्या आणि शे गिल्जस-अलेक्झांडर हा कोवळा मुलगाही दिला. चर्चा पाच पिकची झाली. खरी किंमत शे होता. शिवाय त्यातल्याच 2022 च्या पिकमधून बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला, ज्याने 2025 च्या अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात 40 गुण केले. ओक्लाहोमा विजेता ठरला. जॉर्ज मात्र 2024 मध्येच करार संपवून फिलाडेल्फियाला गेला होता आणि क्लिपर्सना त्याचं काहीच मिळालं नाही.

आता न्यूयॉर्क निक्स. 2024 मध्ये त्यांनी मिकल ब्रिजेससाठी पाच पिक दिले, त्यातले चार स्वतःचे आणि विनाअट, थेट 2031 पर्यंतचे. वय 27, संघात जेलन ब्रन्सन उभा. माझ्या दोन्ही कसोट्यांवर व्यवहार उतरतो. पुढच्याच हंगामात ते 2000 नंतर प्रथमच पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचले, तरी ही किंमत मला पटत नाही. तोवर एकदाही ऑल-स्टार (दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या अव्वल खेळाडूंपैकी एक) न झालेल्या खेळाडूसाठी मी दोन पिक दिले असते, फार तर तीन. 2029 आणि 2031 चे तर हातचे सोडलेच नसते, कारण तेव्हा ब्रन्सन तिशी ओलांडून बराच पुढे गेलेला असेल आणि निक्सना ते पिक स्वतःलाच लागतील.