‘काय वाचलं’ राहू दे, ‘कसं वाचलं’ ते सांगा

नमस्कार मंडळी! पुस्तकांवर गप्पा मारायला सात-आठ जण जमतात आणि कुणीतरी विचारतं, "सध्या काय वाचताय?" झालं! ज्याला-त्याला घरातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक आठवतं. चाळिसाव्या पानापुढे गेलेलं नसतं ते. मीही हे केलंय, उगाच सोवळेपणा कशाला?

आता दुसरा प्रश्न विचारून बघा. "मध्येच उठावं लागलं, तर खूण म्हणून काय ठेवता?"

आमच्याकडे एकीने पुस्तक उघडून दाखवलं, तर आत केसांची पिन! मग कोपरा दुमडणारे आणि त्यांच्याकडे खाऊ की गिळू असं बघणारे, असे सरळ दोन तट पडले. त्या गोंधळात एक गृहस्थ हळूच म्हणाले, "मी आधी शेवटचं पान वाचतो." सगळे त्यांच्यावर तुटून पडले. पण शेवट ठाऊक असल्यामुळे दुसऱ्याच प्रकरणात लेखकाने पेरलेली खूण त्यांना दिसली होती. आम्हा बाकीच्यांच्या नजरेतून ती साफ निसटली. "फार रेंगाळतं हो पुस्तक," म्हणणारी मैत्रीण ते रोज झोपताना चार-चार पानं वाचत होती. रेंगाळणारच की!

दुसऱ्याच्या वाचण्याचं कुतूहल काही आजचं नाही. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज मनातल्या मनात वाचत. पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंताने ते पाहिलं आणि आवर्जून लिहून ठेवलं: डोळे पानावरून फिरतायत, जीभ मात्र गप्प. वर तर्कही लढवले. घसा बसू नये म्हणून असेल? की ऐकणाऱ्याने मध्येच अर्थ विचारू नये म्हणून? (हा दुसरा तर्क मला फार पटतो.)

कुणी अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल ओशाळलं, की मी दानिएल पेनाकचं नाव काढते. या फ्रेंच लेखकाने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा हक्क त्यात आहे, पुस्तक अर्ध्यावर टाकण्याचाही आहे.

आणि दहावा आहे गप्प बसण्याचा.

आमच्यात एक जण दर वेळी येतो, ऐकतो, निघून जातो. मागच्या खेपेला त्याचं पुस्तक टेबलावर उघडं राहिलं. समासात पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात, वरपासून खालपर्यंत लिहिलेलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. विचारलं कुणीच नाही.